प्रवाळाची चौकी

फौजेत एक शिकलो: चौकीवरची खबर उशिरा आली, की तिचा पंचनामा होतो.

प्रवाळाचंही तसंच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा १ अंशाने तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतो, पांढरा पडतो. उपग्रहाला वरचंच पाणी दिसतं. खाली सेन्सर हवेत. पण खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी टिकत नाहीत. म्हणून ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर सेन्सरची केबल तरंगत्या बोयापर्यंत आणली, पुढे वायरलेस.

आपल्या लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ साली हा घाला सोसला. ती बेटं प्रवाळावरच उभी आहेत. सेन्सर पाणी थंड करणार नाही. पण वेळेवर इशारा मिळाला, तर नांगर टाकणं, गाळ उपसणं तेवढे दिवस थांबवता येईल. जखमीवर आणखी वार नकोत. जय हिंद.