पानाची कमाई कुणाची?

(किनवट-माहूर भागातल्या गावांच्या बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेली मांडणी. ज्या गावांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावी.)



मागच्या काही बैठकांत दोन प्रश्न सारखे येत होते. पहिला : शास्त्रज्ञ म्हणे आता पिकाचं पानच बदलायला निघालेत, ही काय भानगड आहे? दुसरा : झाडं लावून हवेतला कार्बन शोषायचा आणि त्याचे पैसे करायचे असं ऐकतो, त्यात आपल्या जमिनीचा काय संबंध? या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे हिरव्या पानात. म्हणून दोन्ही एकत्रच मांडतो.

आधी पान काय काम करतं ते बघू. पानाला बारीक छिद्रं असतात. त्यातून ते हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आत घेतं. मुळांकडून पाणी येतं. उन्हाच्या जोरावर या दोन्हींची साखर बनते. याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ज्वारीचा दाणा, कडबा, मोहाचं फूल, सागाचं लाकूड, सगळं या साखरेतून उभं राहतं. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो कार्बन मातीतून नाही, हवेतून आलेला असतो.

हा कर्बवायू पकडायचं काम पानातलं एक प्रथिन करतं. त्याचं नाव रुबिस्को. ते काम करतं हळू, आणि चुकतंही. अंधारात मोह वेचायला बसलेल्या माणसानं फुलांबरोबर खडेही टोपलीत टाकावेत, तसं ते कर्बवायूसोबत प्राणवायूही उचलतं. मग खडे निवडून फेकण्यात झाडाची ताकद जाते, आणि आधी पकडलेला थोडा कार्बनही निसटतो. ऊन जितकं तापतं तितकी ही चूक वाढते. धान, गहू, सोयाबीन, तूर, कापूस या सगळ्यांचं असंच चालतं.

ज्वारीचं तसं नाही. ज्वारी, मका, बाजरी, ऊस यांच्या पानात शिरांभोवती पेशींचं एक कडं असतं. बाहेरच्या पेशी दुसऱ्या एका प्रथिनानं कर्बवायू उचलतात. ते प्रथिन प्राणवायूला हात लावत नाही. मग तो माल आतल्या कड्यात नेऊन सोडतात, आणि रुबिस्को तिथं बसलेलं असतं. म्हणजे निवडलेला मोहच घरात येतो. त्यामुळे छिद्रं थोडी उघडली तरी भागतं आणि पानातून पाणी कमी उडतं. शास्त्रज्ञ या रीतीला सी-४ म्हणतात, आणि धान-सोयाबीनच्या रीतीला सी-३. आपल्या बरड रानात, ओढ पडलेल्या पावसात ज्वारी का तग धरते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता शास्त्रज्ञ काय करू बघतात ते ऐका. तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं धानाचं. मक्या-ज्वारीची ही रीत धानाला शिकवायची, असा एक मोठा प्रकल्प बरीच वर्षं चालू आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून तो निघाला, आता इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड विद्यापीठ त्याचं काम पाहतं. मक्याची जनुकं धानात घालून झाली. पण पानाची आतली रचनाच बदलावी लागते, ते अजून साधलेलं नाही. असा धान शेतात आलेला नाही.

दुसरं सोयाबीनचं, म्हणजे थेट लातूरच्या बाजाराशी जोडलेलं. कडक उन्हात पान स्वतःला जपण्यासाठी जादा ऊन उष्णतेच्या रूपात टाकून देतं. ढग आला, सावली पडली, तरी ते टाकून देणं लगेच थांबत नाही. तेवढा वेळ कमाई बुडते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी सोयाबीनमध्ये तीन जनुकं घालून हे थांबणं लवकर होईल असं केलं. २०२२ मध्ये त्यांनी छापलं की शेतातल्या चाचणीत उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढलं. पण पुढच्या हंगामात पीक लोळलं, आणि तशी वाढ दिसली नाही.

तिसरं झाडाचं. अमेरिकेतल्या लिव्हिंग कार्बन नावाच्या कंपनीनं पॉपलर झाडात जनुकं घालून, रुबिस्कोच्या चुकीनं होणारा तोटा कमी केला. झाड भराभर वाढतं, जास्त कार्बन साठवतं, असा तिचा दावा आहे. हा दावा काचघरातल्या काही महिन्यांच्या रोपांवरून केलेला. २०२३ मध्ये जॉर्जिया राज्यात अशी रोपं जमिनीत लावली. आणि कंपनीची कमाई लाकडावर नाही, कार्बन क्रेडिटवर ठरलेली आहे.

आम्ही कुणाला घाबरवायला उभे नाही. असलं झाड आपल्या जंगलात नाही. आपल्या देशात जनुक बदललेलं एकच पीक बियाणं म्हणून रीतसर दुकानात मिळतं, ते बीटी कापूस. आणि पानाचं हे शास्त्र खोटंही नाही. दुष्काळात तगणारं पीक कुणी काढलं तर आपल्याला ते नको आहे का? हवंच आहे. पण चांगलं पान आलं की गावाचं आपोआप चांगलं होतं, ही गोष्ट आपण तपासून घ्यायची. आपल्याच जिल्ह्यांत तीन दाखले आहेत.

एक दाखला लातूरचा. ऊस कार्बन पकडण्यात पटाईत, सी-४ पीक. लातूर भागात उसाला तोटा नाही. तरी एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दुष्काळ होता हे खरं. पण कोणतं पीक किती रानावर घ्यायचं, पाणी आधी कुणाला द्यायचं, हे पानानं ठरवलेलं नव्हतं. माणसांनी ठरवलेलं होतं. पान कितीही चपळ केलं तरी मुळाशी ओल लागतेच, आणि ओल कुणाच्या वाट्याला हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा दाखला नांदेडचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं १९८४ मध्ये एनएचएच-४४ हे संकरित वाण काढलं. कोरडवाहू शेतकऱ्यांनी ते राज्याबाहेरसुद्धा पेरलं. तेही दरसाल विकतच घ्यावं लागे, हे खरं; पण ते सरकारी विद्यापीठाचं होतं. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. जनुक कंपनीचं, त्यामुळे पिशवीच्या किमतीत तिचा वाटा आला. थोड्या वर्षांत बिगर-बीटी सरकी दुकानातून जवळजवळ गेलीच. सुरुवातीला बोंडअळी हटली, फवारण्या वाचल्या, हे आपण पाहिलंय. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर पऱ्हाटीवर तिनं काय केलं तेही पाहिलंय. अळी परत आली, पण गेलेलं जुनं बियाणं परत आलं नाही. उद्या नव्या पानाचं सोयाबीन आलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : दाणे घरी राखून पुढच्या साली पेरता येतील का?

यात आणखी एक गोष्ट आहे. मार्च २०२२ पासून केंद्र सरकारनं, बाहेरचं जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्या जनुकांत काटछाट केली असेल, तर अशा पिकाला दिल्लीच्या मोठ्या समितीच्या परवानगीतून सूट दिली आहे. मे २०२५ मध्ये धानाची अशी दोन वाणं जाहीरही झाली. ती वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. पण बदल केलेलं बियाणं कुठलं आणि साधं कुठलं, हे पेरणाऱ्याला कळलंच पाहिजे.

तिसरा दाखला आपल्या जंगलाचा, आणि हा सगळ्यांत जवळचा. कार्बनचा बाजार असा चालतो : एक टन कर्बवायू शोषला की एक क्रेडिट. धूर सोडणारी कंपनी ते विकत घेते. पान हवेत काम करतं, पण झाड उभं राहतं जमिनीवर. म्हणून या धंद्यात पहिली गरज लागते जमिनीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं ग्रीन क्रेडिटचे नियम काढले. त्याखाली 'अवनत' वनजमिनीवर रोपवनं लावून क्रेडिट मिळवायची सोय झाली. अवनत जमीन म्हणजे कुठली? कागदावर ज्याला उजाड म्हणतात तिथं आपली गुरं चरतात, तेंदूपत्ता तोडला जातो, मोह, चारोळी, डिंक मिळतो. काही ठिकाणी आपले दावे अजून अडकलेले आहेत. भराभर वाढणाऱ्या एकाच जातीच्या झाडांचा हिशेब करायला सोपा जातो. चराईचा नि मोहाचा हिशेब त्या वहीत कुठंच येत नाही. झाड जितकं 'कमावतं' होईल, तितकी ही मागणी वाढणार. पानावरचं शास्त्र परदेशातलं असलं तरी त्याची झळ आपल्या वनहक्काला लागू शकते ती अशी.

आपल्या हातात काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३(१) मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखायचा, वाढवायचा नि सांभाळायचा हक्क आहे, आणि जैवविविधतेबद्दलच्या आपल्या पारंपरिक ज्ञानावरचा हक्कही आहे. कलम ५ नं जंगल राखायचे अधिकार ग्रामसभेला दिलेत. किनवट भाग पेसाखाली येतो. २००१ च्या पीक वाण कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथलं जंगल साध्याच पानांनी वाढतंय, कारण राखणारं गाव आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन कामं करा.

पहिलं : सामूहिक दावा राहिला असेल तर आधी तो भरा. दावा झाला असेल तर हद्दीचा नकाशा काढून ठेवा. हद्द कागदावर नसेल तर कार्बनचा हिशेब दुसऱ्याच्याच नावावर लागेल.

दुसरं : गावात अजून कुणाकडे पिवळी ज्वारी, जुनी तूर, गावरान मूग-उडीद आहे त्याची यादी करा. बियाणं राखायचं काम घराघरांत बायाच करतात, तेव्हा यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. पसा-पसा का होईना, दुसऱ्या घरी पेरायला द्या. जगातल्या प्रयोगशाळा जी रीत धानाला शिकवू बघतात, ती ज्वारीच्या दाण्यात आधीच आहे.

तिसरं : हा ठराव घ्या. शब्द उतरवून घेतले तरी चालतील :

"आमच्या सामूहिक वनहद्दीत कुठलंही रोपवन, कार्बन किंवा ग्रीन क्रेडिटचा करार, किंवा जनुक बदललेल्या झाडाची वा पिकाची चाचणी, ग्रामसभेला लेखी माहिती दिल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. झाडाची जात कोणती, करार किती वर्षांचा, पैसा कुणाला किती, चराई व वनोपज चालू राहील का, या चार प्रश्नांची उत्तरं मराठीत व आमच्या बोलीत सांगावी लागतील."

ठरावावर सही-अंगठे घ्या. एक प्रत तहसीलला द्या, एक वनविभागाला, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. तिसरी प्रत संघटनेकडे पाठवा. कुठल्या गावानं ठराव घेतला ते पुढच्या अंकात छापू.

जय सेवा, जोहार.