गृहशास्त्राच्या दारातून प्रयोगशाळेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या, असे मला कळविण्यात आले, तेव्हा मी जपानी विदुषींच्या संशोधनावर बोलेन असे सांगितले. त्यावर एक भगिनी हसून म्हणाल्या, "अहो बाई, वर्ध्याच्या बायकांना जपानचे काय?" प्रश्न रास्त आहे. जपान म्हटले की आपल्याला आठवतो तो गीताई मंदिराशेजारचा विश्वशांती स्तूप. फूजी गुरुजी १९३३ साली वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले, तेव्हापासूनचा हा ऋणानुबंध आपल्या परिचयाचा आहे. परंतु महाराष्ट्रातील स्त्रियांचे जपानशी एक नाते त्याहूनही जुने आहे, आणि ते जुळले एका लहानशा पुस्तिकेमुळे.

टोकियोत नारुसे जिंझो नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्याची माहिती देणारी पुस्तिका बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी अण्णासाहेब कर्वे यांना पाठविली. ती काही दिवस तशीच पडून होती. पुढे १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले आणि भाषणात काय मांडावे याचा विचार करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली. त्या भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली व १९१६ साली ते सुरूही केले. तेव्हा अण्णांचे वय अठ्ठावन्न होते. ज्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनीच्या गोष्टी करू लागतो, त्या वयात ते एका नव्या विद्यापीठासाठी गावोगाव झोळी घेऊन हिंडत होते. १९२९-३० च्या जगप्रवासात ते जपानलाही जाऊन आले. पण नारुसे त्यापूर्वीच, १९१९ साली, वारले होते.

दोन्ही विद्यापीठांची कहाणी बहिणीबहिणींसारखी आहे. जपानच्या विद्यापीठाला 'विद्यापीठ' हे नाव होते, पण सरकारदरबारी तो दर्जा मिळाला १९४८ साली. आपले विद्यापीठ कायद्याने मान्य झाले १९५१ साली. तोवर दोन्हीकडच्या मुली, ज्या पदवीला सरकार पदवी म्हणत नव्हते, तिच्यासाठी अभ्यास करीत राहिल्या. शिक्षण मात्र स्वभाषेतून झाले, तिकडे जपानीतून आणि इकडे मराठीतून.

दोन्हींवर आक्षेपही सारखाच आला. मुलींना गृहशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन शिकवायचे तर त्याला विद्यापीठ कशाला हवे? घरी आई शिकवीतच असते. आणि खुद्द सुधारकांतलेच काही म्हणत, की वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम. मी बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले आहे, आणि हा दुसरा आक्षेप मला खोटा वाटत नाही. "गृहविज्ञान घे, सोपे आहे" असे मुलीला सांगतात, ते त्या विषयाच्या आदरापोटी सांगत नाहीत. तरीही त्या टोकियोच्या गृहशास्त्राच्या वर्गातून कोण बाहेर पडले हे ऐकण्यासारखे आहे.

तांगे उमे ही कागोशिमाची मुलगी. लहानपणी अपघातात तिचा एक डोळा गेला. १९०१ साली नारुसेंच्या विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत तिने गृहशास्त्राला नाव घातले. घरकामाच्या शास्त्रात रसायन येतेच. अन्न का नासते, कापड का विटते, साबणाने मळ का सुटतो, या प्रश्नांतून तिला रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे तिने रसायनशास्त्राच्या शिक्षकांची सरकारी परीक्षा दिली आणि १९१३ साली सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात प्रवेश मिळविला. भगिनींनो, तेव्हा ती चाळीस वर्षांची होती!

त्या वर्षी त्या विद्यापीठाने तीन स्त्रियांना प्रवेश दिला. जपानच्या कोणत्याही शाही विद्यापीठात तोवर स्त्री विद्यार्थिनी नव्हती. शिक्षणखात्याने लगेच विद्यापीठाला पत्र लिहून विचारले, की हे पूर्वी कधी घडलेले नाही, मोठे गंभीर प्रकरण आहे, तरी खुलासा करावा. तीन बायका वर्गात बसणार, एवढेच ते गंभीर प्रकरण! विद्यापीठाने प्रवेश काही मागे घेतला नाही. टोकियोच्या शाही विद्यापीठाचे दार मात्र स्त्रियांना १९४६ साली उघडले.

तिघींपैकी माकिता राकु गणिताची. लग्नानंतर तिने अध्यापन सोडले. तांगे उमे अमेरिकेत गेली, १९२७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतली, आणि आपल्या जुन्या विद्यापीठात शिकवू लागली. जीवनसत्त्व 'ब-२' वरील कामाबद्दल तिला १९४० साली शेतकीशास्त्राची डॉक्टरेट मिळाली. वय सदुसष्ट.

तिसरी कुरोदा चिका. हिची गोष्ट मला विशेष प्रिय आहे, कारण तिने आपल्या ओळखीच्या जिनसा प्रयोगशाळेत नेल्या. १९१६ साली, म्हणजे अण्णांचे विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, ती विज्ञानाची पदवीधर झाली. प्रथम तिने एका मुळीतील जांभळा रंग घेतला. ही मुळी आपल्या रतनजोतीच्या नात्यातली. त्यानंतर तिने हाती घेतली करडई.

करडई आपल्याला ठाऊक आहे ती तेलासाठी आणि तिच्या काट्यांसाठी. परंतु आपल्या आज्यांच्या तोंडी 'कुसुंबी' हा शब्द असे, तो रंग करडईच्या फुलाचाच. या फुलाच्या पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि तांबडा अगदी थोडा असतो. पिवळा पाण्यात धुऊन जातो. तांबडा साध्या पाण्यात उतरत नाही. त्याला राखेची निवळी लागते. मग त्यात आंबट घातले की तो कापडावर बसतो. आपले रंगारी हेच करीत आणि जपानातही शतकानुशतके हेच चालत असे. तिकडे यामागाता प्रांतात या फुलांची शेती होई, आणि त्या तांबड्याने स्त्रिया ओठ रंगवीत. हात सारे जाणत होते, पण निवळी आणि आंबटच का, तो तांबडा पदार्थ मुळात आहे तरी काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. कुरोदाबाईंनी अनेक वर्षे खपून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळविला, त्याची रचना मांडली आणि १९२९ साली त्यांना विज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. जपानात हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. पहिल्या यासुई कोनो, १९२७ साली. कुरोदाबाईंची ती रचना पुढे १९७९ मध्ये जपानच्याच संशोधकांनी दुरुस्त केली. शास्त्रात असे चालतेच, त्यात कमीपणा नाही. पुढे त्यांनी कांद्याच्या सालीचाही अभ्यास केला, आणि त्यातून रक्तदाबावरील औषधाची वाट निघाली. आपण कांद्याची साल केरात टाकतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्यात शिक्षणपरिषद भरली आणि हस्तव्यवसायातून, मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे ठरले. टकळी फिरली, सूत निघाले. पण सुतावर रंग का टिकतो, या प्रश्नापर्यंत फार थोड्या शाळा पोचल्या असे माझे मत आहे. हाताचे काम असले की विचार आपोआप येतो, असे होत नाही. तांगेबाईंना गृहशास्त्राच्या वर्गाने प्रश्न दिले हे खरे, परंतु सेंदाईने दार उघडले नसते तर त्या एक चांगली स्वयंपाकाची शिक्षिका होऊन राहिल्या असत्या. ते पुढचे दार कोण उघडते, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या वस्तीत बारावीला विज्ञान घेतलेल्या मुली आहेत. निकाल लागला की घरोघर तोच हिशेब सुरू होतो: नागपूरला ठेवायचे तर वसतिगृह, खाणावळ, जाणेयेणे. भाऊ असेल तर तो आधी. मुलगी इथेच, जे मिळेल ते घेते. मी त्यांच्या आईबापांना दोष देत नाही, पैशाचे सोंग आणता येत नाही.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जे वाण लुटतो, त्यातले प्लॅस्टिकचे डबे कितीजणींच्या माळ्यावर पडले आहेत ते आपण जाणतोच. यंदा वाण तिळगूळ आणि एक सुपारी एवढेच ठेवावे आणि उरलेली रक्कम नागपूरला शिकायला जाणाऱ्या एका मुलीच्या खाणावळीसाठी बाजूला काढावी. सारा खर्च भागणार नाही. दोन-तीन महिन्यांचा भागेल. मुलगी निवडताना गुणांबरोबर घरची अडचणही पाहावी, आणि निवड चालकांनी नव्हे, दोन निवृत्त शिक्षिकांनी करावी, म्हणजे रुसवेफुगवे होणार नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्याचसाठी. या मंडळात दहावी किंवा बारावीला शाळा सुटलेल्या भगिनी आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरबसल्या परीक्षेस बसता येते. वयाची लाज वाटत असेल तर तांगेबाईंचे चाळीस आठवावे. विज्ञान आणि गणित मी माझ्या घरी दुपारी तीन ते पाच शिकवीन. फी नाही. वही आणि पेन्सिल आपापली आणावी. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहापानानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. फॉर्मची मुदत निघून गेली की वर्ष जाते.