हातांना आठवते ते

(गुंजवणे येथे झालेल्या देणगीदार व कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गतवर्षी आपल्या डे-केअर केंद्रात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व्यायामखेळ सुरू झाले, त्यांचा जमाखर्च माझ्या टेबलावरून गेला. त्या निमित्ताने जे पाहिले ते आपणांपुढे ठेवतो.

हे खेळ म्हणजे काय, असे अनेकांनी विचारले. २००६ साली निन्टेंडो कंपनीचे ‘वी’ आणि २०१० साली मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ बाजारात आले. पहिल्यात हातातील दांडी हलवली की पडद्यावरचा चेंडू हलतो; दुसऱ्यात हाती काहीच धरावे लागत नाही, कॅमेराच शरीराची हालचाल ओळखतो. घरातील करमणुकीची ही यंत्रे लवकरच वृद्धाश्रमांत आणि फिजिओथेरपी विभागांत पोहोचली. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथील विद्यापीठातील संशोधनातून खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘टोव्हरटाफेल’, म्हणजे जादूचे टेबल, तयार झाले. वरून टेबलावर पाने-फुलांची चित्रे पडतात आणि हात फिरवला की ती सरकतात. आपली व्यवस्था त्याच धर्तीची, साध्या प्रोजेक्टर व कॅमेऱ्याची आहे. वी आणि किनेक्ट यांचे उत्पादन केव्हाच थांबले असल्याने ती आपण घेतली नाहीत. एवढे श्रेय मात्र मी घेतो.

गैरसमज नसावा, या खेळांनी गेलेली स्मृती परत येत नाही. इंग्लंडमध्ये ४९४ रुग्णांना घेऊन झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चार महिन्यांच्या व्यायामाने रुग्णांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. मग हा खर्च कशासाठी, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला, आणि तो योग्यच होता.

त्याचे उत्तर मला एका आजींनी दिले. त्या याच खोऱ्यातल्या. उभा जन्म भातलावणीत गेलेला. सूनबाईंचे नावही त्यांना आठवत नसे. पहिल्या दिवशी आम्ही चेंडू फेकण्याचा खेळ लावला. नेम चुकला की मोठा कर्कश आवाज होई. आजी घाबरल्या, आपल्या हातून काही मोडले असे समजून रडू लागल्या. जमिनीवर पडलेली पडद्याची गडद सावली त्यांना खड्डा वाटली, त्या पाऊल उचलीनात. ही चूक सर्वस्वी आमचीच. यंत्र उघडून थेट रुग्णांपुढे ठेवले, आधी कोणी विचार केला नव्हता.

पुढे आवाज बंद केला, गुण मोजणे काढून टाकले, वेळ सकाळची ठेवली. कारण संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता अनेकदा वाढते. आमच्या परिचारिकेने टेबलावर पाने पडण्याचा खेळ लावला. आजींनी क्षणभर पाहिले आणि दोन्ही हातांनी पाने एका बाजूस लोटू लागल्या. ‘अंगण झाडायचं राहिलं की गं,’ असे म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघाले होते. खांदे, मनगटे, कंबर, सारे हलत होते. तोच लाईट गेली. पावसाळ्यात ती जातेच. परिचारिकेने स्वयंपाकघरातून सूप आणि मूठभर तांदूळ आणले. आजी तितक्याच तन्मयतेने पाखडत बसल्या.

तेव्हा माझ्यासारख्या हिशेबी माणसाला कळले, की यंत्र निमित्त आहे; त्याच्याशेजारी बसणारे माणूस खरे. रुग्ण तोल जाऊन पडू नये, दमला की थांबावे, कोणाला काय आवडेल हे ओळखावे, हे कॅमेऱ्याला जमत नाही.

येथेच आमची अडचण आहे. प्रोजेक्टरसाठी देणगी सहज मिळाली, तो भांडवली खर्च. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लागते. परिचारिका व मदतनीस यांचे वेतन आवर्ती खर्चात जाते. त्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून ते कोणी मागत नाही आणि फारसे कोणी देतही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. आपले रुग्ण साखर, मार्गासनी, गुंजवणे येथून येतात. त्यांना आणणारी गाडी आणि सांभाळणारे हात बारा महिने लागतात. यंदा दुसरे यंत्र घेऊ नये, त्याऐवजी वेतन निधी उभारावा, असा माझा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे.

कुटुंबीयांना एक विनंती. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी तरुणपणी हातांनी कोणती कामे करत, हे कागदावर लिहून द्यावे. दळण, कांडण, दोर वळणे, जनावरे सोडणे, काहीही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते सांगावे. बाहेरच्या टेबलावर परिचारिका वही घेऊन बसल्या आहेत.