वक्तृत्वाचा वर्ग कशासाठी?



कॉलेजात वक्तृत्वाचा अभ्यासक्रम घ्यावा का, असं माळशिरस तालुक्यातली मुलं-मुली विचारतात. जरूर घ्या; पण फक्त स्पर्धेच्या ढालीसाठी नको.

घरात दखनी बोलतो, मग मराठीत उभं राहिलो तर लोक हसतील, ही भीती अनेकांना असते. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा मराठीतूनच गाजवल्या. ही भाषा आपलीही आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात महिला होत्या फक्त सात. पण मागणी स्वच्छ होती.

वर्गात हेच शिका : प्रश्न काय, तो कुणाला विचारायचा, मागणी कोणती. सगळं तीन मिनिटांत.

वयाची १८ वर्षं पूर्ण झाली, गावच्या मतदारयादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, कब्रस्तानचा रस्ता, तिथे बोला. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. मुलींनो, तिथे अम्मीलाही सोबत न्या. पुढची ग्रामसभा हीच तुमची परीक्षा समजा.