आधी श्रवण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली काही घरे साताऱ्याची, काही सांगलीची. तासगाव-वाळव्याची गावे तर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होती. सज्जनगड आपणां सर्वांचाच. तेथे १६८२ साली देह ठेवणाऱ्या समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितली. त्यात पहिला समास श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा. ऐकणे आधी, बोलणे मागाहून. हा क्रम आम्ही पाठ केला, आचरला मात्र नाही.

गतवर्षी विद्यार्थिगृहाच्या प्रश्नावर आम्ही दोन तास बोललो. वर्गणी किती, इमारत कोठे, नाव कोणाचे. मतांना तोटा नव्हता. सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, रात्री दहालाच दिवे मालवतात, परीक्षेच्या दिवसांत वाचायचे कोठे?" दोन तासांत हा प्रश्न एकाच्याही तोंडी आला नव्हता. आम्ही खजील झालो. दुसऱ्या दिवसापासून एक खोली रात्री उघडी राहू लागली. त्यासाठी ना ठराव लागला, ना वर्गणी.

मत असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु न ऐकता बनविलेले मत म्हणजे रोगी न पाहता दिलेले औषध होय. म्हणून यंदा सभेत प्रथम मुलांनी व मागे बसलेल्या भगिनींनी बोलावे. आम्ही वडीलधाऱ्यांनी शेवटी, आणि उरले तरच.

आम्हीही येथेच थांबतो. आता आपण बोलावे, आम्ही ऐकतो.