शिकत्या आईबापांस हात द्या



आपले मंडळ मुलांस शिष्यवृत्त्या देते, हे भूषणावहच होय. परंतु संसारापायी ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, त्या नोकरदार आईबापांचे काय? १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी न सोडता पदवी घेण्याचा मार्ग खुला झाला. द्वार उघडले खरे. पण अभ्यासास वेळ कोण देणार? तो घरानेच द्यावयाचा आहे. कामावरून आलेल्या सुनेच्या हाती पुस्तक असेल, तर चूल मुलाने सांभाळावी, नातवंडांस आजीने निजवावे. मंडळानेही शिष्यवृत्तीस वयाची अट ठेवू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. जेथे आई स्वतः अभ्यासास बसते, त्या घरची मुले वर्गात निराळी ओळखू येतात, हा माझा शिक्षकी अनुभव आहे.