एक संध्याकाळ गावासाठी

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावी अशा व्याख्यानमाला रुजल्या. मीही बोलायला जातो. शिवकाल, पेशवाई या विषयांना गर्दी होते; पण ज्या गावात बोलतो, त्याच गावाचा इतिहास कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच दिसतो. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. त्यांच्या हाती न लागलेले मोडी कागद आजही कित्येक घरांच्या माळ्यांवर आहेत. त्यांना वाळवी लागते आहे आणि मोडी वाचणारी माणसेही कमी होत आहेत. म्हणून विनंती एवढीच, की यंदाची एक संध्याकाळ आपल्या गावासाठी राखून ठेवा. घरचे कागद घेऊन या, मोडी जाणणाऱ्याला बोलवा आणि ते सर्वांसमक्ष वाचून घ्या. त्या दिवशी मोठा वक्ता नसला तरी चालेल.